टीव्हीकडे पाठ

भाभी कुस्ती बघायला बसत त्या टीव्हीकडे पाठ करून. कॅसेट लावायची, आवाज वाढवायचा आणि सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून मांडी घालायची. डोळे उघडे, हात मांडीवर मोकळे. मागं पडद्यावर दोन जपानी पैलवान एकमेकांना उचलून आपटत असायचे आणि भाभी समोरच्या भिंतीकडे बघत हळूहळू मान हलवायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला उघडी माणसं बघायची लाज वाटत असेल. लाजबीज काही नव्हती. ती त्यांची पद्धत होती.

"पहिली बार कानानं," त्या म्हणायच्या. "दुसरी बार डोळ्यानं, आवाज बंद करून. तिसऱ्या बारीला दोन्ही. मग बोलायचं. आधीच बोललं की कुस्ती मरते."

मी तेव्हा नवीन लग्न होऊन कन्नडहून औरंगाबादला आले होते. शहराचं नाव तेव्हा तेच. आमचे हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जात. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपत, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात साधं भांडं वाजवायचीही मला चोरी. दुपारी मी पायरीवर येऊन बसायची. शेजारच्या दारातून भाभींनी ते काही दिवस पाहिलं आणि एकदा म्हणाल्या, "उन्हात काय बसती गं? आत ये. फक्त बोलू नको." असं आमंत्रण मला आजवर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

त्यांचे यजमान अजिंठ्याला जपानी पाहुण्यांचे गाइड होते. आख्खी कॉलनी त्यांना गाइडसाहेबच म्हणायची. मुंबईला राहून ते जपानी शिकले होते. हंगामात ते लेण्यांजवळच्या फर्दापूरलाच मुक्काम करत, आठवड्यातून एखादा दिवस घरी. मुलगी रुखसार शाळेत जायची. म्हणजे दुपारी भाभीही एकट्याच असायच्या, पण एकटं असणं त्यांच्या अंगावर दिसायचं नाही. उंच, रुंद खांद्यांची बाई. चालताना आधी टाच टेकवायच्या. साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या, पण कुस्ती लागली की सुई खाली. "काम करता करता ऐकलं की अर्धंच ऐकू येतं," हेही त्यांचंच.

कानानं कुस्ती बघायचं त्या लहानपणीच शिकल्या होत्या. त्यांचे अब्बा पैलवान. पाणचक्कीच्या अंगाला त्यांच्या घरामागंच आखाडा होता. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर अब्बा काही दिवस आखाड्यात जाईनासे झाले, तेव्हा त्यांचे मराठा जोडीदारच घरी येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेले, हा किस्सा भाभी स्वतःच्या जन्माआधीचा असूनही समोर पाहिल्यासारखा सांगत. पण आखाड्यात मुलींना जायला बंदी. मग ही पोर भिंतीच्या अलीकडे मातीत बसून ऐकायची. शड्डू कुणाचा, दम कुणाचा लागला, मातीवर कोण पडलं. "पाठीवर पडलेला माणूस वेगळा वाजतो, खांद्यावर पडलेला वेगळा. अब्बा जिंकले का हरले, ते घरी यायच्या आधी मला माहीत असायचं. हरून आले की मी अम्मीला सांगायची, आज भात जरा जास्त टाक."

जपानी कुस्ती त्यांच्या घरात आली ती एका आजाऱ्यामुळं. लेणी बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याचं फर्दापूरला पोट बिघडलं. बरोबरची मंडळी पुढं निघून गेली आणि गाइडसाहेब त्याला सरळ घरी घेऊन आले. भाभींनी त्याला मऊ खिचडी आणि ताक घालून चालतं केलं. पडल्या पडल्या त्याला भिंतीवर अब्बांचा गदा घेतलेला फोटो दिसला, आणि हा माणूस अंथरुणात उठून बसला. तो कुस्तीचा वेडा निघाला. तिकडं टीव्हीवर दाखवलेली झाडून सगळी कुस्ती तो घरी कॅसेटवर भरून ठेवायचा. गेल्यावर त्यानं पार्सल पाठवलं. मग दुसरं. मग पाठवतच राहिला. भाभी त्याला जपानी बाबा म्हणत.

तिकडच्या कॅसेट आपल्या मशीनवर धड चालत नाहीत, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? चित्र यायचं ते रंगाशिवाय, आणि मधूनच वर सरकत जायचं. नावं तर आम्हाला वाचताच यायची नाहीत. भाभींनी ती आपली आपण ठेवली. उंच, न वाकणारा तो खांबा. काठापदराचा लांब झगा घालून, लोकांनी फेकलेल्या रंगीत कागदी फितींमधून डौलात येणारा तो पैठणी. आणि साधी काळी चड्डी घातलेला, केस विरळ झालेला, पोट किंचित सुटलेला तो मामू. पैठणीचा झगा जांभळा असणार, हे आम्ही धरून चाललो होतो. पुढं औरंगपुऱ्यातल्या एका कारागिरानं मशीन दुरुस्त करून दिलं, रंग आले, आणि झगा निघाला पोपटी! भाभी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "रंग नव्हते तेच बरं होतं," म्हणाल्या.

मामू बहुतेक वेळा हरायचा. नवी पोरं पुढं यायची असली की त्यांना मामूसमोर उभं करायचे. आणि भाभींचा सगळा जीव मामूवर.

पहिल्यांदा तीनही वेळा बघून झालं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "हां, बोल."

"मजा आली," मी म्हटलं.

"मजा जत्रेत येते. तू काय बघितलं ते सांग."

मला काहीच सांगता येईना. कोण जिंकलं ते सांगितलं, तर त्यांनी हात झटकला. "ते आंधळ्यालापण कळतं. लोकं ओरडतात की." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. शेवटी एकदा मी म्हटलं, "भाभी, त्या पोरानं मामूला डोक्यावरनं फेकलं ना, तेव्हा पोराचाच पाय घसरला होता. मामूनं पडता पडता त्याची मान धरली. नाहीतर पोरगंच मानेवर पडलं असतं."

भाभी उठल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा टाकायला आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "फेकणारा फक्त फेकतो, सुनंदा. पडणाऱ्याला दोघांची फिकीर करावी लागते. म्हणून पडणाऱ्याकडं बघायचं."

निकाल द्यायची त्यांची तऱ्हाही खास होती. बरी झालेली कुस्ती म्हणजे 'खिचडी-खट्टा'. पोट भरतं, तक्रार नाही, उद्या आठवणार नाही. नुसतीच उड्यांची, दिखाऊ कुस्ती म्हणजे 'बारातीचा बँड'. आणि कधीतरी, महिना-दोन महिन्यांतून एखादी कुस्ती बघून झाल्यावर त्या पदरानं तोंड पुसत आणि म्हणत, "नान-खलिया." नान-खलिया म्हणजे इथलं दावतीचं खास मटण आणि नान. ते ऐकलं की मलाच काहीतरी मिळाल्यासारखं वाटायचं. एकदा मी एका कुस्तीला उत्साहात नान-खलिया म्हणून टाकलं, तर म्हणाल्या, "रोज खलिया खाणाऱ्याच्या तोंडाला चव राहत नाही. नीट विचार कर." मी विचार केला आणि खिचडीवर आले. "शाणी झाली," म्हणाल्या.

आमच्या ह्यांना हे सगळं पोरकट वाटायचं. एकदा दारातच उभं राहून ते हसत म्हणाले, "भाभी, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. कोण पडणार, कोण जिंकणार. निव्वळ नाटक."

भाभी म्हणाल्या, "भाईसाब, लग्नात पण सगळं ठरलेलंच असतं. मुलगी जाणार, हे मांडव घालायच्या आधीपासून माहीत असतं ना? मग निघताना तिचा बाप का रडतो?"

पुढं आम्हाला मुलगी झाली, ती मोठी झाली, सासरी जायला निघाली, तेव्हा गाडीच्या दाराशी ह्यांना रडू आवरेना. रडता रडताच माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी बोलल्या होत्या बघ." पण हे फार नंतरचं.

कॉलनीतल्या बायकांत कुजबुज चालायचीच. चांगल्या घरची बाई आणि असली उघडीवाघडी माणसं बघते! कुणीतरी तोंडावर बोललं तेव्हा भाभींनी शांतपणे विचारलं, "आमचे अब्बा काय शेरवानी घालून कुस्ती करत होते?" पण त्यांनी खरी बाजी मारली ती माझ्या सासूबाईंना जिंकून. सासूबाई कन्नडहून आल्या की कपाळाला आठ्या घालून म्हणायच्या, "व्हय गं, काय असतंय तिथं दुपारचं रोजचं?" एकदा मी त्यांनाच घेऊन गेले. त्या दाराशी टेकल्या, पदर तोंडाला लावून. थोड्या वेळानं पदर खाली आला. मग एकदम ओरडल्या, "अगं बया, त्या म्हाताऱ्याला कशापायी मारायलाय त्यो? त्याला कुणी नाय का?" भाभींनी मागं न वळताच सांगितलं, "आहे ना अम्मा. आपण आहोत की." त्यानंतर सासूबाई आल्या की पिशवी ठेवून आधी विचारत, "त्या मामूचं कसं काय?"

माझी आई गेली त्या वेळची गोष्ट. तेरावं करून मी परत आले, पण घरात मन लागेना, रडूही येईना. भाभींनी दुपारी हाक मारली, कॅसेट लावली आणि सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली. त्या दिवशी आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागं सभागृहात माणसं श्वास रोखत होती, सोडत होती. पंचाचा हात फळीवर पडत होता. कुणीतरी पुन्हा पुन्हा पडत होतं आणि पुन्हा उठत होतं, एवढं मला ऐकू येत होतं. मी कधी रडायला लागले ते कळलं नाही. कॅसेट संपली. "बोल" असं त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतरच्या वर्षी गाइडसाहेब जपानला गेले. जपानी बाबाच्या ओळखीच्या माणसाचं तिकडं जेवणाचं दुकान होतं, तिथं काम होतं. दोन वर्षांचं म्हणून गेले. रुखसारचं शिक्षण, स्वतःचं घर, ही त्या काळी सगळ्यांचीच कारणं. निघताना सगळी कॉलनी निरोपाला गोळा झाली. भाभी रिक्षापर्यंतही गेल्या नाहीत. दारातनंच म्हणाल्या, "मफलर बॅगेत वर ठेवा, खाली नका ठेवू," आणि आत आल्या.

दोन वर्षं झाली आणि साहेब आले नाहीत. व्हिसाची मुदत संपली होती. आता एकदा निघालं की पुन्हा तिकडं जाता येणार नव्हतं, म्हणून निघणं पुढं जात राहिलं. कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या दुकानात त्यांचा फोन यायचा, दुकानदार पोराला पाठवून निरोप द्यायचा आणि भाभी भराभरा जायच्या. सगळं ठीक, तुमचं ठीक, रुखसार ठीक. परत येताना तितक्याच हळू यायच्या.

कॅसेट येतच होत्या. फोनवर साहेबांनी सांगितलं होतं, की जपानी बाबा कधीमधी त्यांनाही सभागृहात कुस्ती दाखवायला नेतात. भाभींनीही त्यांना विचारून घेतलं होतं, "काळी चड्डीवाला बुढ्ढा दिखा क्या? उसकू मैं मामू बोलती."

एका दुपारी आम्ही मामूची कुस्ती लावली. पहिली बार, कानानं. मी समोर बघत होते, त्या नेहमीप्रमाणे पाठमोऱ्या. तिकडचे लोक कुस्ती बघताना गप्प असतात, आपल्यासारखे सारखे ओरडत नाहीत. मामूनं त्या पोराचा हात पेचात धरला होता आणि सभागृहात सगळं शांत होतं. त्या शांततेत कुठंतरी लांब काहीतरी झालं. मला ते खोकल्यासारखं वाटलं, किंवा खुर्ची सरकल्यासारखं.

भाभी वळल्या. कुस्ती संपायच्या आधी वळलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"मागं घे," त्या म्हणाल्या.

मी कॅसेट मागं घेतली. पुन्हा लावली. आवाज पूर्ण वाढवला. या वेळी मलाही ऐकू आलं. त्या हजारभर गप्प जपान्यांमधून एकच आवाज, आपल्याकडचा, छातीतून काढलेला: "शाब्बाऽस मामू!"

भाभी हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या होत्या. पण पडद्यावर मामूच होता, प्रेक्षक नुसते काळोखातले ठिपके. आम्ही ती जागा इतक्यांदा मागं-पुढं केली, की पुढं पुढं तिथं पट्टी घासून चित्रावर आडव्या रेघा यायला लागल्या. रुखसार शाळेतून आली. तिलाही ऐकवलं. ती दप्तर न काढता तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा."

भाभींनी फोनवर सांगितलं, की तुमचा आवाज इथवर आला. त्यानंतर साहेब जेव्हा जेव्हा जात तेव्हा मामूच्या कुस्तीत एखादी शांत जागा बघून ओरडत. दर कॅसेटमध्ये असायचंच असं नाही. पण मामू रिंगमध्ये आला की भाभींची पाठ ताठ व्हायची. आणि मग कुस्तीआधी त्या शाब्बासकीचा निकाल लागायचा. "या बारीला सर्दी आहे." किंवा, "दोनदा ओरडले. रमजान चालू असणार तेव्हा. घर याद येतंय." एकदा म्हणाल्या, "फोनवर माणूस खोटं बोलतो, सुनंदा. ठीक आहे म्हणतो. शाब्बास खोटी नाही निघत."

अशी किती वर्षं गेली, मोजायचं मी टाळते. रुखसार दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंगला लागली. आमची पोर चालायला लागली ती भाभींच्याच सतरंजीवर. भाभींचे केस कानाशी पांढरे झाले. आणि मग मामूच्या निरोपाची कॅसेट आली.

तिकडं पैलवान निवृत्त होतो तेव्हा त्याला रिंगच्या मधोमध एकटं उभं करतात. सभागृहातले सगळे उठून उभे राहतात आणि मग सावकाश घंटेचे टोल देतात, एकेक. दोन टोलांमध्ये काही म्हणजे काही आवाज नसतो. मामू काळ्या चड्डीवर साधा कोट घालून, मान खाली घालून उभा होता. भाभी भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या. टोल. शांतता. टोल. शांतता. मला वाटत होतं, आता. आता तरी. अशी जागा पुन्हा कधी मिळणार होती? शेवटचा टोल विरून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाभींनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. डोळ्यानं बघायची बारी त्या दिवशी आलीच नाही. त्या उठल्या, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चल."

एसटीडीच्या दुकानात त्यांनी स्वतः नंबर लावायला सांगितला. एरवी फोन तिकडून यायचा. मी काचेच्या दाराशी उभी होते.

"मामू गया," भाभी म्हणाल्या, "और तुम आवाज नहीं दिए?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"गला बैठा था तो भी तुम जाते. तुम वहाँ थेच नहीं. सच बोलो."

बराच वेळ भाभी नुसत्या ऐकत होत्या. नंतर कळलं ते असं: साहेबांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. कितीतरी आठवडे ते तिकडच्या दवाखान्यात पडून होते. कॅसेट इथवर पोचेपर्यंत सुट्टी मिळून खोलीवर आले होते, पण जिना चढवत नव्हता. जपानी बाबाला त्यांनी शपथ घातली होती, घरी कळवायचं नाही.

"आव तुम," भाभी म्हणाल्या. "बस हो गया."

तिकडून साहेबांनी काय म्हटलं असेल ते मला भाभींच्या उत्तरावरून समजलं. भाभी जवळजवळ ओरडल्याच, "वापस जाव बोलके बोल कौन रहा?"

साहेब आले. मनमाडची गाडी सकाळची होती. रिक्षातून उतरले तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. निम्मे झाले होते. सगळी कॉलनी पुढं झाली आणि भाभी मात्र स्वयंपाकघरात. भांडी वाजत होती. साहेब दारात उभे राहिले. शेवटी भाभी हात पुसत बाहेर आल्या, त्यांच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बूट बाहेर काढा. फरशी आत्ताच पुसलीय." एवढं बोलून चौकट धरून खालीच बसल्या.

मला फार आनंद झाला होता. पण त्यानंतर दुपारी मला हाक आली नाही. मी दोन-तीन दिवस वाट पाहिली, म्हटलं, माणूस आजारी आहे, घर गडबडीत असेल. मग एकदा मीच विचारलं. भाभी साहेबांसाठी मटणाची यखनी गाळत होत्या. म्हणाल्या, "आता कशाला गं?" अगदी सहज म्हणाल्या. टीव्हीखालच्या कॅसेट एका ट्रंकेत गेल्या होत्या, ट्रंक माळ्यावर. मी घरी आले. हे झोपले होते. मी पायरीवर बसले, ऊन होतं तरी. भाभींचा माणूस परत आला होता आणि माझं कुणीतरी निघून गेलं होतं. हे कुणाला सांगायचं?

साहेबांना पुन्हा लेण्यांच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत ते नव्या पोरांना जपानी शिकवायला लागले. भाभी आतून ऐकायच्या आणि एखाद्या पोराचं वाक्य अडलं की त्याच्या आधी साहेबांनाच ओरडायच्या, "हळू बोला, दम लागेल." जपानी बाबा वारला, पार्सलं थांबली. आमची बदली नाशिकला झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा भाभींनी माझ्या हातात पराठ्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "तिकडं कुणी विचारलं नाही तरी बघायचं सोडू नको." टीव्हीबद्दल त्या बोलत नव्हत्या, एवढं मला कळलं. नाशिकला मी बालवाडीत शिकवायला लागले. भांडणारी दोन पोरं समोर आली की पडलेल्याकडे आधी बघायची मला सवय आहे. सहकारी शिक्षिका म्हणतात, तुम्हाला लबाडी बरोबर कळते. मला लबाडी कळत नाही. कुणाला खरंच लागलंय, तेवढं कळतं.

आता सगळं फोनवर दिसतं. एकदा मुलीनं मला जपानमधली कुस्ती लावून दिली. चित्र काचेसारखं स्वच्छ, रंग झगझगीत. कुस्तीही चांगली होती. संपल्यावर मी तोंड उघडलं आणि शेजारी मुलगी दुसरंच काहीतरी बघत होती.

भाभी गेल्याचं रुखसारनं कळवलं. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. जायचं तर साहेबांनीच आधी, असं सगळ्यांनी धरलं होतं, कदाचित साहेबांनीही. मी पोचले तोवर दफन होऊन दोन दिवस झाले होते. दुपारची वेळ होती. साहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागलं.

"या, सुनंदाताई. बसा."

मी बसले. काय झालं, कसं झालं, ते त्यांनी सगळं सांगितलं. समोरच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत होते.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "मी आधी फर्दापूरला असायचो. मग तिकडे गेलो. परत आलो तर तिनं ते सगळं बंद करून टाकलं. ती कुस्ती बघायची, असं सगळी कॉलनी सांगते. रुखसार सांगते. तिच्यासाठी मी एवढा ओरडलो तिथं." त्यांना जरा खोकला आला. "पण तिला बघताना मी एकदाही पाहिलं नाही हो. कशी बघायची?"

मी सांगायला लागले. आधी जरा अडखळत, कारण शेजारच्या बाईबद्दल तिच्याच नवऱ्याला सांगायचं म्हणजे अवघडच. मग सांगत गेले. सासूबाईंचं सांगितलं तेव्हा ते हसले. माझ्या आईच्या वेळचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. रुखसार चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. थोड्या वेळानं ती पुन्हा दारात आली आणि म्हणाली, "अब्बा, खाना खा लो, गोळ्या घ्यायच्यात." त्यांनी तिच्याकडे न बघताच हातानं थांब म्हटलं.

मलाच वाटलं, माणूस दमला असेल. मी म्हटलं, "साहेब, मी आज आहे इथं. उरलेलं उद्या सांगते."

"नाही, नाही," ते म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. "मामू त्या नव्या पोराकडून पहिल्याच फटक्यात हरला आणि ती मामूवर रागावली, असं म्हणालात ना तुम्ही आत्ता. मग? मग काय म्हणाली?"